यकृतातलं रहाटगाडगं

सांगलीला मामाकडे दर दुसऱ्या रविवारी सकाळी फ्रिजमधून एक पेन बाहेर निघतं. मधल्या फळीवर, कोथिंबिरीच्या जुडीच्या आणि विरजणाच्या भांड्याच्या मागे त्याचा खोका असतो. मामी ते काढून ओट्यावर ठेवते आणि आतल्या खोलीकडे पाहून म्हणते, "अहो, साडेआठला बाहेर काढलंय. नऊला घ्या." मग अर्धा तास ते नुसतं पडून राहतं. गरम पाण्यात धरायचं नाही, उन्हात ठेवायचं नाही, हलवायचं तर मुळीच नाही. खोलीतल्या हवेनेच त्याचा गारठा जायला हवा, कारण गार औषध टोचलं की जास्त झोंबतं.

मी ते हातात घेऊन खिडकीपाशी धरलं. पेनाच्या अंगाला एक छोटी काचेसारखी चौकट आहे, तिच्यातून आतलं पाणी दिसतं. नितळ, जेमतेम पिवळसर झाक असलेलं. सगळं मिळून एक मिलिलिटर, म्हणजे चहाच्या चमच्याचा पाचवा भाग. त्यात १४० मिलिग्रॅम औषध, नाव इव्होलोक्युमॅब. मामाचं एलडीएल, ज्याला आपण घरगुती भाषेत वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो, ते स्टॅटिनची पूर्ण मात्रा आणि जोडीची दुसरी गोळी घेऊनही १४८च्या खाली येत नव्हतं. डॉक्टरांनी हे पेन लिहून दिलं आणि दोन महिन्यांनी तपासणीचा कागद हातात आला, त्यावर आकडा होता ५८. मामाने तो लॅबवाल्याला दोनदा विचारून खात्री करून घेतला.

एवढ्याशा औषधाने पाच लिटर रक्तातलं कोलेस्टेरॉल कसं काय उतरवलं, हे शोधायला मी बसलो आणि पहिल्याच पायरीवर थबकलो. हे औषध कोलेस्टेरॉलला हातसुद्धा लावत नाही. ते विरघळवत नाही, जाळत नाही, बाहेर टाकत नाही. त्याचा सगळा रोख भलतीकडेच आहे.

आधी कोलेस्टेरॉलची बाजू सांगायला हवी, कारण त्याची उगाच बदनामी झाली आहे. शरीरातल्या प्रत्येक पेशीच्या आवरणात ते असतं. पित्तातले क्षार त्याच्यापासून बनतात, कितीतरी संप्रेरकं त्याच्यापासूनच बनतात. अडचण एवढीच की ते पाण्यात मिसळत नाही. आमटीवर तेलाचा तवंग तरंगावा तसं ते वेगळं राहणार. म्हणून शरीर त्याच्या पुड्या बांधतं. यकृतातून निघालेल्या मोठ्या पुड्यांमधली चरबी वाटेत वाटली गेली की मागे जे कोलेस्टेरॉलने भरलेले बारीक गोळे उरतात ते एलडीएल. इतके बारीक की माणसाच्या केसाच्या जाडीत तीनेक हजार एका रांगेत मावतील. प्रत्येक गोळ्याला एका लांबलचक प्रथिनाचा दोरा गुंडाळलेला असतो. हा दोरा म्हणजेच त्याची ओळखीची खूण.

आता ते गोळे रक्तातून परत उचलायचे कोणी? याचं उत्तर अमेरिकेत डॅलसला सापडलं. मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन हे दोघं शिकाऊ डॉक्टर म्हणून बॉस्टनला एकत्र होते, तिथे मैत्री झाली आणि पुढे दोघांनी मिळून प्रयोगशाळा चालवली. त्यांच्यासमोर कोडं होतं ते काही विलक्षण मुलांचं. या मुलांचं कोलेस्टेरॉल जन्मापासून नेहमीच्या सहा ते आठपट, आणि हृदयविकाराचा झटका दहाव्या-बाराव्या वर्षीही येऊ शकायचा. दोघांनी अशा रुग्णांच्या त्वचेच्या पेशी काचपात्रात वाढवल्या आणि शेजारी निरोगी माणसांच्या पेशी ठेवल्या. निरोगी पेशी एलडीएल भराभर गिळत होत्या. आजारी मुलांच्या पेशींना ते धरताच येत नव्हतं, कारण धरणारा हातच नव्हता. तो हात म्हणजे एलडीएल रिसेप्टर. १९७४च्या सुमारास हे जगापुढे आलं आणि १९८५चं नोबेल दोघांना मिळून मिळालं.

या रिसेप्टरचं काम वाचताना माझ्या डोळ्यापुढे आमच्या गावच्या विहिरीवरचं रहाटगाडगं आलं. रिकामं गाडगं खाली जातं, भरतं, वर येतं, पाटात पाणी ओततं आणि पुन्हा खाली जातं. यकृताच्या पेशीवर हेच चालू असतं. रिसेप्टर पेशीच्या पृष्ठभागावर उभा राहतो, रक्तातून जाणारा एलडीएलचा गोळा पकडतो, त्याला घेऊन पेशीच्या आत बुडी मारतो. आत एका बारीक पिशवीत आंबटपणा वाढलेला असतो. त्या आंबटपणात रिसेप्टर स्वतःशी दुमडतो, गोळा सुटतो, आणि रिकामा रिसेप्टर पुन्हा पृष्ठभागावर. गोळ्याची आत मोडतोड होऊन त्यातलं कोलेस्टेरॉल कामी लागतं. एका फेरीला साधारण दहा मिनिटं. एक रिसेप्टर मोडीत निघेपर्यंत अशा शंभराहून जास्त फेऱ्या करतो. तुम्ही हा लेख वाचून संपवाल तोवर तुमच्या यकृतातल्या या गाडग्यांची निदान एक फेरी झालेली असेल.

आणि ही विहीर मुख्यतः यकृतातच आहे, याचा पुरावा १९८४ साली पिट्सबर्गला मिळाला. टेक्ससमधली सहा वर्षांची मुलगी, रिसेप्टर जवळजवळ निकामी, हृदयही खराब झालेलं. तिचं हृदय आणि यकृत दोन्ही बदलण्यात आलं. हजाराच्या वर असलेलं तिचं कोलेस्टेरॉल नव्या यकृतामुळे तीनशेच्या आसपास उतरलं. दुसऱ्या कुणाच्या तरी यकृतातली गाडगी आता तिचं रक्त उपसत होती.

इथपर्यंतची गोष्ट वैद्यकाच्या पुस्तकांत पक्की होऊन बसली होती. मग २००३ साल उजाडलं.

कॅनडात माँट्रियालला नबील सैदा यांच्या प्रयोगशाळेने एक नवं प्रथिन शोधलं. त्याच सुमारास पॅरिसमध्ये कॅथरीन ब्वालो आणि मारियान अबिफादेल अशा काही फ्रेंच घराण्यांचा अभ्यास करत होत्या, ज्यांच्यात कोलेस्टेरॉल पिढ्यान्‌पिढ्या चढं होतं आणि तरीही रिसेप्टरचं जनुक धडधाकट होतं. म्हणजे गाडगी नीट, दोर नीट, तरी पाणी उपसलं जात नाही! शोधत शोधत त्या पहिल्या गुणसूत्रावरच्या एका जनुकापाशी पोहोचल्या. ते जनुक सैदा यांच्या नव्या प्रथिनाचंच निघालं. आज त्याला पीसीएसके-९ म्हणतात. नाव रुक्ष आहे, पण या रेणूइतका चमत्कारिक प्राणी मी दुसरा पाहिलेला नाही.

कुळाने तो कात्री आहे, म्हणजे इतर प्रथिनं कापणाऱ्या विकरांच्या घराण्यातला. पण ही कात्री आयुष्यात एकदाच चालते आणि तीही स्वतःवर. घडता घडता ती स्वतःचाच एक तुकडा कापते, आणि तो तुकडा तिच्या पात्यांतच अडकून बसतो. त्यानंतर तिला काहीच कापता येत नाही. मग अशी बोथट कात्री यकृत रक्तात सोडतं कशासाठी? ती जाऊन रिसेप्टरला चिकटते. त्याच्यासोबत आत बुडी मारते. आतला आंबटपणा, ज्याने एरवी पकड सुटायला हवी, तो या चिकटण्याला उलट जास्तच घट्ट करतो. रिसेप्टरला दुमडता येत नाही. गाडगं रहाटावर परत चढण्याऐवजी तिथूनच थेट पेशीच्या मोडीत जातं आणि भरल्या गोळ्याबरोबर त्याचाही चुराडा होतो. शंभर फेऱ्या करू शकणारं गाडगं चौथ्या-पाचव्या फेरीतच फुटावं, तसं. फ्रेंच घराण्यांत हा पीसीएसके-९ गरजेपेक्षा जास्त जोरकस झाला होता.

यापुढचा भाग मला सगळ्यात प्रिय आहे. एखाद्या गोष्टीचा अतिरेक रोग आणत असेल, तर तिचा अभाव काय करेल? हा प्रश्न डॅलसमध्येच हेलन हॉब्स आणि जोनाथन कोहेन यांना पडला. त्यांच्या हाताशी डॅलस परगण्यातल्या हजारो सामान्य नागरिकांच्या आरोग्याची नोंद होती, आणि त्यातली निम्मी माणसं आफ्रिकी वंशाची होती. इतरांनी चढ्या कोलेस्टेरॉलची माणसं शोधली होती. या दोघांनी सगळ्यात कमी असलेली काढली. २००५ साली त्यांना दिसलं की आफ्रिकी वंशाच्या शंभरांतल्या दोघांमध्ये पीसीएसके-९चं एक जनुक जन्मतःच बंद आहे.

मग त्यांनी दुसऱ्या एका जुन्या, मोठ्या अभ्यासातली माणसं तपासली, ज्यांच्यावर पंधरा वर्षं लक्ष ठेवलेलं होतं. २००६ साली निकाल छापून आला. ज्यांचं एक जनुक बंद होतं, त्या आफ्रिकी वंशाच्या लोकांचं एलडीएल इतरांहून सरासरी २८ टक्क्यांनी कमी होतं. आणि त्यांच्यात हृदयविकाराचा धोका किती कमी? ८८ टक्क्यांनी. त्या गटात रक्तदाबवाले होते, सिगारेट ओढणारे होते, मधुमेही होते. हे कुठल्या औषधाने किंवा पथ्याने झालेलं नव्हतं. फक्त जन्मापासून त्यांच्या यकृतातली गाडगी थोडी कमी फुटत होती. एलडीएलचा आकडा किती वर्षं कमी राहिला, याला किती किंमत आहे ते या एका निकालाने मला जितकं कळलं तितकं दहा व्याख्यानांनी कळलं नसतं.

त्याच वर्षी संशोधकांना तिशीतली एक स्त्री सापडली. आईकडून आलेलं जनुक बंद, वडिलांकडून आलेलंही बंद. तिच्या रक्तात पीसीएसके-९ औषधालाही नव्हतं. तिचं एलडीएल होतं १४. नवजात बाळाचं ते तीसच्या आसपास असतं, हे लक्षात घेतलं म्हणजे हा आकडा किती अचाट आहे ते कळतं. आणि ती ठणठणीत होती. रक्तदाब व्यवस्थित, शिक्षण झालेलं, मूलबाळ असलेली. नंतर झिंबाब्वेतली एक तरुणीही अशीच निघाली. औषध बनवणाऱ्यांना नेहमी जी धास्ती असते, की हे प्रथिन पूर्ण बंद केलं तर शरीराचं दुसरं काही बिघडेल का, तिचं उत्तर या दोघी चालत्याबोलत्या देत होत्या.

मग शर्यत लागली. चिकटणाऱ्याला रिसेप्टरपाशी पोहोचण्याआधीच रक्तात अडवायचं, एवढाच बेत. त्यासाठी लागणारी विद्या केम्ब्रिजमध्ये १९७५ साली कोलर आणि मिलस्टाइन यांनी दिली होती: एकाच लक्ष्याला नेमकं धरणारं, हवं तितकं बनवता येणारं प्रतिपिंड. आपल्या शरीरात जंतूंविरुद्ध प्रतिपिंडं बनतात. इथे पीसीएसके-९विरुद्ध बनवायचं. प्रतिपिंडांची मानवी जनुकं बसवलेल्या उंदरांमध्ये ते शोधलं गेलं, आणि आता मोठाल्या टाक्यांमध्ये, चिनी हॅमस्टरच्या अंडाशयापासून मिळवलेल्या पेशी ते बनवतात. मामाच्या फ्रिजमधल्या पेनाची वंशावळ ही अशी आहे. हे प्रथिन असल्यामुळे गोळी करून गिळता येत नाही. पोट त्याला उकडलेल्या अंड्यासारखं पचवून टाकेल. म्हणून टोचायचं. कातडीखालून ते हळूहळू रक्तात झिरपतं आणि दोनेक आठवडे पीसीएसके-९ला धरून ठेवतं. तेवढे दिवस गाडगी फिरत राहतात. पहिली दोन औषधं, अलिरोक्युमॅब आणि इव्होलोक्युमॅब, अमेरिकेत २०१५च्या जुलै आणि ऑगस्टमध्ये मंजूर झाली. फ्रेंच घराण्यांतल्या शोधापासून जेमतेम बारा वर्षांत.

मग स्टॅटिनची गोळी होतीच की, असं कोणी म्हणेल. होती, आणि तिचे उपकार थोर आहेत. जपानच्या अकिरा एन्डो यांनी सहा हजारांवर बुरशी तपासून तिचा पहिला नमुना मिळवला होता, आणि आजही सुरुवात तिच्यापासूनच होते. ती यकृतातली कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखते. मग यकृताला टंचाई भासते आणि ते जास्त गाडगी बाहेर लावतं. पण ज्या हुकमाने गाडगी वाढतात त्याच हुकमाने पीसीएसके-९सुद्धा वाढतो. म्हणजे एका हाताने घडवायची आणि दुसऱ्या हाताने फोडायची. स्टॅटिनची मात्रा दुप्पट केली तरी एलडीएल जेमतेम सहा टक्के आणखी उतरतं, हे डॉक्टरांना अनुभवाने माहीत होतं. त्यामागे या दुसऱ्या हाताचाही वाटा आहे. इंजेक्शन नेमका तो दुसरा हात धरतं, म्हणून दोन्ही औषधं मिळून इतकं काम करतात.

किती, ते मोजलंही गेलं आहे. २०१७ साली आलेल्या चाचणीत हृदय किंवा रक्तवाहिन्यांचा विकार आधीच असलेले २७,५६४ रुग्ण होते, बहुतेक सगळे स्टॅटिनवर. इव्होलोक्युमॅबने त्यांचं एलडीएल ९२वरून ३०वर आणलं. सुमारे सव्वादोन वर्षांत झटका, पक्षाघात, हृदयविकाराने मृत्यू अशा घटना इंजेक्शन न मिळालेल्यांत ११.३ टक्के लोकांना झाल्या, मिळालेल्यांत ९.८ टक्के. हा फरक त्या ८८ टक्क्यांपुढे लहान वाटतो, आणि मला वाटतं तो तसा वाटायलाच हवा. एकीकडे जन्मापासूनची स्वच्छ रोहिणी, दुसरीकडे साठीला आलेली, आधीच किटण साचलेली. सव्वादोन वर्षांत पन्नास वर्षांचं काम होत नाही. इतकं कमी कोलेस्टेरॉल मेंदूला बाधेल की काय, अशी शंका होती. म्हणून रुग्णांच्या स्मरणशक्तीच्या चाचण्या मुद्दाम घेतल्या गेल्या आणि फरक आढळला नाही. मेंदू आपलं कोलेस्टेरॉल स्वतःच बनवतो, रक्तातल्यावर विसंबत नाही. टोचल्या जागी लाली किंवा खाज, एवढी तक्रार मात्र काहींना होते. किमतीचं दुखणं मोठं आहे. अमेरिकेत सुरुवातीला वर्षाचा खर्च १४,००० डॉलरच्या वर होता, पुढे तो निम्म्याहून खाली आला. आपल्याकडेही हे औषध ज्यांना सगळ्यात जास्त लागेल त्यांच्यातल्या अनेकांच्या आवाक्यात नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा सरासरी पाच-सहा वर्षं आधी येतो, ५३च्या सुमारास.

याच वाटेने पुढे गेलेलं आणखी एक इंजेक्शन आहे, त्याचा उगम एका फुलात आहे. १९९०च्या सुमारास अमेरिकेत जांभळ्या पेटुनियाचा रंग आणखी गडद करायचा म्हणून रंगाच्या जनुकाची जादा प्रत रोपात घातली गेली. फुलं आली ती पांढरी! वाढवायला गेलेला निरोप गप्पच झाला होता. असं का होतं ते अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी १९९८ साली एका सूक्ष्म कृमीत उलगडलं आणि २००६चं नोबेल मिळवलं. पेशी जनुकाचा निरोप आरएनएच्या चिठ्ठीवर लिहून पाठवते. त्या चिठ्ठीला जुळणारा छोटा तुकडा दिला की पेशी ती चिठ्ठीच फाडून टाकते. इन्क्लिसिरान हे औषध असा तुकडा आहे. त्याला एक खास साखर जोडलेली असते, जी फक्त यकृताच्या पेशींना ओळखीची. त्या तिला आत घेतात आणि मग पीसीएसके-९च्या चिठ्ठ्या एकामागून एक फाटत राहतात. चिकटणारा रक्तात येऊन त्याला अडवायचं हा प्रश्नच राहत नाही, तो घडतच नाही. एक इंजेक्शन आज, दुसरं तीन महिन्यांनी, आणि मग वर्षातून फक्त दोनदा. एलडीएल निम्म्याच्या आसपास उतरतं.

या सगळ्या औषधांना एका जागी मात्र हात टेकावे लागतात. ज्या मुलांना रिसेप्टर मुळीच नसतात, त्यांना यांचा जवळजवळ काहीच उपयोग होत नाही. फुटण्यापासून वाचवायला गाडगंच नाही. ब्राउन आणि गोल्डस्टाइन यांना वाट दाखवली ती ज्या मुलांनी, तीच या औषधाच्या कक्षेबाहेर राहिली.

मामाचं तसं नाही. त्याच्याकडे निम्मी गाडगी शाबूत आहेत. रिसेप्टरच्या जनुकाची एक प्रत बिघडलेली, एक चांगली. अंदाजे अडीचशे-तीनशे माणसांमागे एकाच्या रक्तात कोलेस्टेरॉल वाढवणारा असा आनुवंशिक दोष असतो आणि बहुतेकांना त्याचा पत्ता नसतो. आमच्या आजोबांना नव्हता. ते त्रेचाळिसाव्या वर्षी बांधावर बसले ते उठलेच नाहीत. मामा तेव्हा नऊ वर्षांचा. त्याला आठवतं ते एवढंच, की आजोबांच्या टाचेवरची धोंडशीर अंगठ्याएवढी जाड होती आणि बोटांच्या पेरांवर कडक गाठी होत्या. घरात सगळे म्हणायचे, वहाणांचे घट्टे आणि नांगराचे घट्टे. ते कोलेस्टेरॉल होतं. रक्तात मावेना म्हणून कंडरांमध्ये साचत गेलेलं, डोळ्यांना दिसेल असं, आणि वाचणारं कोणी नव्हतं. मामाची धोंडशीरही तशीच जाड आहे. पंचावन्नाव्या वर्षी एका डॉक्टरने त्याला चप्पल काढायला सांगून ती दोन बोटांत धरून पाहिली, तिथून आमच्या घरात हे सगळं कळायला सुरुवात झाली.

हा दोष मुलांत उतरायची शक्यता निम्मी. मामाच्या थोरल्या मुलाची तपासणी नीट आली. धाकटीची, माझ्या मामेबहिणीची, नाही. ती एकोणतीस वर्षांची आहे आणि तिने स्टॅटिन सुरू केलं आहे, तिच्या आजोबांना मृत्यूने बांधावर गाठलं त्या वयाच्या चौदा वर्षं आधी.

नऊ वाजले. मामाने मांडी स्पिरिटच्या बोळ्याने पुसली, झाकण सरळ ओढून काढलं, कातडी ताणून पेन काटकोनात टेकवलं आणि करडं बटण दाबलं. टक् असा आवाज झाला. आम्ही तिघंही त्या चौकटीकडे पाहत राहिलो. आत पिवळा रंग सरकत सरकत आला आणि सगळी चौकट पिवळी झाली. पंधरा सेकंद लागली असतील. "झालं?" मामीने विचारलं. मामाने पेन उचललं, मांडीवर टाचणीच्या टोकाएवढा रक्ताचा ठिपका होता. मामीने रिकामं पेन जाड प्लास्टिकच्या बरणीत टाकून झाकण फिरवलं, भिंतीवरचं कॅलेंडर खाली घेतलं, आणि दुधाच्या हिशेबाच्या शेजारी, पुढच्या पंधरवड्यातल्या रविवारच्या चौकोनात पेन्सिलीने एक टिंब काढलं.